ठेसनावरून वावरात

पहाटे ४:४५

चुलीवर पाणी ठेवलंय. घरात गॅस आहे, पण सिलिंडर संध्याकाळपुरतं. सकाळचं सगळं चुलीवर. जळण पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडांचं. गेल्या मोसमातली वाळलेली पऱ्हाटी मागच्या भिंतीला टेकवून रचून ठेवली आहे. ती भुर्रकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. त्यामुळे भाकर थापता थापता काकूंना दर मिनिटाला चुलीत हात घालावा लागतो.

काकू पंचेचाळिशीच्या. बारीक अंगाच्या, चालायला चपळ. त्या कापूस वेचायला जातात आणि अकरा जणींच्या टोळीच्या त्या मुकादम आहेत. मुकादमकीचे वेगळे पैसे नाहीत. वावरवाल्याचा फोन घ्यायचा, भाव ठरवायचा, बाया गोळा करायच्या, हिशोब ठेवायचा, हे सगळं त्याच मजुरीत.

गाव मूर्तिजापूर–अचलपूर या छोट्या रेल्वेमार्गावरचं, दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जीच्या मधलं. नाव लिहू नका म्हणाल्या. वावरवाले ओळखीचे आहेत. मजुरीचा भाव छापून आला की पुढच्या हंगामात बोलणी बसतात.

नवरा मोसमभर दर्यापूरला जिनिंगमध्ये हमालीवर. मुलगा अमरावतीला आयटीआय करतो. घरी सासरे, वय ऐंशीच्या पुढे. ते जागे आहेत. खाटेवर बसून चहाची वाट बघतायत.

५:४०

सहा भाकरी झाल्या. तीन सासऱ्यांना, तीन डब्यात. वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, एक कांदा.

मग सामान. ओटी, म्हणजे जुन्या सुती साडीचा दुहेरी शिवलेला तुकडा. दोन टोकं कमरेला, दोन गळ्यात. पुढे पोटाशी त्याची झोळी होते. नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट साडीवरून घालायला. डोक्याला दुपट्टा. बोटं कापलेले पायमोजे मनगटापासून कोपरापर्यंत चढवायला. वॅसलिनची दहा रुपयांची डबी, निम्मी संपलेली. पाच लिटरची पाण्याची कॅन. वावरात विहीर आहे, पण तिचं पाणी खारं. या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी जमिनीखालचं पाणी तसंच आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा. प्यायचं पाणी घरून न्यावं लागतं.

सासऱ्यांच्या उशाशी गोळी आणि पाणी ठेवून काकू निघतात.

६:३५

अजून उजाडतंय. डिसेंबर २०२४. दवाने रस्त्याची धूळ बसली आहे. काकू स्टेशनवर पोचल्या तेव्हा चार जणी आधीच आलेल्या. इथं याला कुणी स्टेशन म्हणत नाही, ठेसन म्हणतात. टोळीने जमायचं ते ठेसनावर. गावात दुसरीकडे आपे रिक्षाला वळायला जागा नाही आणि बसायला असा लांब ओटाही नाही.

ओटा म्हणजे फलाट. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. मागे एक खोली, पुढे पडवी. तिकिटाच्या खिडकीची चौकट शिल्लक आहे, दार नाही. आत कुणीतरी कडबा भरून ठेवलाय. पिवळ्या फलकावरचं काळं नाव निम्मं उडालं आहे. समोर रूळ. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. मधे गवत आणि तरोटा वाढलेला. थोडं पुढे वीस-पंचवीस पावलांवर एका बाजूचा रूळच नाही.

बायांनी तुऱ्हाट्या पेटवल्यात. हात शेकत बसल्यात. एक जण तंबाखू मळतेय.

ही गाडी म्हणजे शकुंतला. वऱ्हाडात दुसऱ्या नावाने ती कुणाला कळायची नाही. मूर्तिजापूरहून दोन फाटे. एक अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा–दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने १९१० साली त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. पुलगाव–आर्वीचा ३५ किलोमीटरचा फाटा तिचाच. मोठी लाइन तर त्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडातून गेली होती. १८६७ला ती नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, तो १८६१ ते १८६५चा काळ. खामगावचा फाटा १८७०ला सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. कापसाच्या एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय. शकुंतला त्याच कामाला, पण आतल्या गावांमधून कापूस ओढायला आणलेली. म्हणून रूळ अरुंद, पूल लहान, फलाट बुटके. सगळं कमी खर्चातलं.

काकूंना यातलं काही सांगावं लागत नाही. त्यांना दुसरंच आठवतं. माहेर पथ्रोटकडचं. लग्न होऊन आल्या त्या याच गाडीने, याच ओट्यावर उतरल्या.

"तिकीट गार्डच फाडे वो ताई. ठेसनावर मास्तर नाही, काही नाही. फाटक आलं की गाडी थांबे. खाली उतरून फाटक लावे, गाडी पुढं घेत, मंग फाटक उघडून पुन्हा गाडीत बसे."

हे खरंच तसंच होतं. सात-आठ माणसं गाडीबरोबर फिरायची आणि तिकिटापासून फाटकापर्यंत सगळं तीच बघायची. ७६ किलोमीटरला चार तास. कमीत कमी तिकीट पाच रुपये, शेवटी शेवटी दहा.

गाडी कधी बंद झाली? काकू वर्ष सांगत नाहीत. मुलगा मराठी शाळेत होता तेव्हा चालू होती, हायस्कूलला गेला तेव्हा नव्हती. आधी यवतमाळचा फाटा थांबला, मग अचलपूरचा. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना रुंदीकरणाला मंजुरी मिळाल्याची बातमी आली होती. तेव्हा गावात पेढे वाटले होते, हे मात्र त्यांच्या लक्षात आहे.

७:२०

आपे आली. अकरा बाया, मी, आणि चालक. तीन जणी मागे पाय बाहेर सोडून. डबे मांडीवर, पाण्याच्या कॅन पायात. भाडं माणशी येऊनजाऊन तीस रुपये. ते मजुरीतून कापायचं.

रस्ता काही अंतर रुळांच्या बाजूने जातो. एका जागी डांबर रुळांवरूनच ओढलंय. आपे तिथं साधी हळूही होत नाही.

८:०५

वावर पाच एकरांचं. पऱ्हाटी कमरेच्या वर, दुसरा वेचा. पहिला वेचा दिवाळीच्या सुमाराला झाला. तेव्हा धुऱ्यावर सीतादही केलं होतं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून. आता तसं काही नाही. आता नुसतं काम.

पण काम सुरू होत नाही. दव आहे.

वावरवाला, चाळिशीचा, मोटारसायकलवरून येतो. एक बोंड चिमटीत धरून दाबतो. "थांबा अर्धा-पाऊण तास." ओला कापूस त्याला नको असतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसात आठ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला की भाव कापतात. बाराच्या वर गेला की कापूस घेतच नाहीत. २०२४-२५च्या या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येतो, रोख देतो, पण चार-पाचशेने कमी.

बायांचं गणित उलटं. मजुरी किलोवर. दवातला कापूस वजनाला भरतो. त्यातून थांबलेला पाऊण तास त्यांच्या खिशातून जातो. काकू एकदा म्हणून बघतात, "भाऊ, दव उडालंच हाये." तो हसतो. काकू पुन्हा म्हणत नाहीत. रात्री दुसरा मुद्दा मांडायचा आहे, आत्ताच शब्द खर्च करायचे नाहीत.

८:५०

ओळीने लागतात. एका बाईला दोन तासं, म्हणजे पऱ्हाटीच्या दोन ओळी. डाव्या हाताने फांदी वाकवायची, उजव्याने बोंड. पाच बोटं बोंडाच्या आत, चिमूट, एक पीळ, ओढ. चारही पाकळ्यांतला कापूस एकाच ओढीत यायला हवा. एखादी पाकळी राहिली की पुन्हा हात घालावा लागतो, आणि तिथंच वेळ जातो. बोंडाच्या टरफलाची टोकं वाळून काट्यासारखी झालेली असतात. ती नखाच्या कडेला लागतात.

मी वेचून पाहिलं. काकूंच्या दहा बोंडांना माझी तीन. त्या तीनमध्येही वाळलेल्या पानाचा चुरा.

"पाला येऊ देऊ नोका ताई. काडीकचरा दिसला की भाऊ बोंबलते."

सुरुवातीचा तासभर बोलणं चालतं. कुणाची सून, कुणाचं ऑपरेशन, लाडकी बहीण योजनेचे पंधराशे कुणाला आले, कुणाचे अडकले. मग हळूहळू आवाज बंद होतात. राहतो तो फक्त फांद्यांचा.

ओटी भरली की चार-पाच किलो. पोटाशी ओझं, पाठ मागे ओढलेली. तासाच्या शेवटी जायचं, ताडपत्रीवर आपापल्या ढिगात ओतायचं, परत यायचं. प्रत्येकीचा ढीग वेगळा. ढिगाच्या खुणेला कुणाची चप्पल, कुणाचा डबा.

११:१५

ऊन चढलंय. शर्टाच्या आत घाम, बाहेर धूळ. काकूंच्या तर्जनीला नखाशेजारी चीर पडली. वॅसलिन, त्यावर दुपट्ट्याच्या काठाची चिंधी, पुन्हा काम. एका मिनिटाच्या आत.

१२:५०

बांधावरच्या निंबाखाली सगळ्या. पहिलं वजन आधी, मग जेवण.

काटा टांगायचा, डिजिटल. निंबाच्या फांदीला दोरी बांधून लटकवलेला. गाठोडं अडकवायचं, आकडा थांबायची वाट बघायची. वावरवाल्याचा पुतण्या वहीत लिहितो. काकूही लिहितात, मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. दोन्ही वह्यांतला आकडा जुळला की पुढची.

काकू : १७ किलो २०० ग्रॅम. सगळ्यात जास्त एका विशीतल्या मुलीचं, २१. सगळ्यात कमी साठी ओलांडलेल्या आजींचं, ११. आजींना कुणी काही बोलत नाही. त्यांच्या तासातली उंच पऱ्हाटी शेजारची बाई आधीच वेचून देते, म्हणजे त्यांना हात वर करावा लागत नाही. तो कापूस आजींच्याच ढिगात जातो. याची चर्चा होत नाही.

जेवण पंधरा मिनिटं. भाकर, ठेचा, कुणाच्या डब्यातलं तुरीचं वरण सगळीकडे फिरतं. मग पंधरा मिनिटं आडवं होणं. झोप कुणालाच लागत नाही.

याच वेळात काकू हिशोब सांगतात, बोटांवर. त्यांचा नवरा जिनिंगमध्ये असल्याने त्यांना पुढचंही ठाऊक आहे. शंभर किलो कापसातून रुई निघते तेहतीस-चौतीस किलो, बाकी सरकी. एक गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस.

"माह्या हातचा पंधरा रोजाचा कापूस म्हंजे एक गाठ. मी इकडं वेचतो, अन् तिकडं हे उचलते."

वऱ्हाडातल्या बाया स्वतःविषयी बोलताना वेचतो, जातो, येतो असंच म्हणतात.

दुपारी ३:००

दुपारचा वेचा. या बाजूला काही झाडांवर बोंडअळी आहे. गुलाबी. बोंड वरून चांगलं, उघडलं की आत निम्मा कापूस पिवळा, चिकटलेला. ही कवडी. ती वेगळी वेचायची, वेगळ्या पिशवीत. हात तेवढाच चालतो, वजन निम्मं. कवडीला व्यापारी निम्म्याहूनही कमी भाव देतो, पण झाडावर ठेवून चालत नाही. अळी पुढच्या बोंडात जाते.

काकू काही बोलत नाहीत. फक्त प्रत्येक पिवळ्या बोंडाला एक बारीक "च्" असा आवाज करतात. तासाभरात मला तो आवाज मोजता येईनासा झाला.

५:०५

दुसरं वजन. सूर्य खाली उतरलाय, उजेड पुरेसा आहे तोवर आटपायचं.

काकू : १९ किलो ३००. दिवसाचे साडेछत्तीस. भाव किलोला दहा रुपये, म्हणजे ३६५. त्यातून आपेचे तीस गेले, ३३५ उरले.

विशीतली मुलगी ४४ किलोवर गेली. आजी २४. अकरा जणींचा मिळून साडेतीन क्विंटलच्या वर. तो सगळा कापूस मोठ्या बोऱ्यांमध्ये भरायचा, तोही यांनीच. एक जण बोऱ्यात उतरते आणि पायांनी दाबते, दोघी वरून ओततात. बोरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायचे. भरणं आणि चढवणं, याचे पैसे धरलेले नाहीत. आजवर कुणी धरले नाहीत.

एका गाठोड्यावरून थोडं होतं. वावरवाला म्हणतो ओल आहे, अर्धा किलो कापतो. काकू गाठोडं सोडून त्याच्या हातात कापूस देतात. तो मुठीत दाबून बघतो. कापत नाही.

पैसे आज नाहीत. बाजाराच्या दिवशी, आठवड्याचे एकदम.

५:५५

आपे ठेसनावर सोडते. फलाटावर पोट्टे क्रिकेट खेळतायत. पडवीच्या खांबावर कोळशाने तीन रेघा, ते स्टंप. शेळ्या रुळांच्या मधलं गवत खातायत. काकूंचे सासरे फलाटाच्या कडेला काठी टेकून बसलेत. रोज या वेळी येतात.

ते रेल्वेत होते, पण कायम नाही. पावसाळी रोजंदारीवर, ग्यांगबरोबर. हातात सब्बल, बीटर, गिट्टीचं घमेलं. त्यांच्याशी बोलायला बसलं की ते आधी जमिनीबद्दल बोलतात.

"काळी माती हाये. पान्यात फुगते, उनात फाटते. रूळ रोज हालते. आज सरका केला, त आठ दिवसानं वाकडा."

अडीच फुटांची एक लोखंडी दांडी असे, गेज. मुकादम ती रुळांवर आडवी ठेवत जाई. दांडी बसली नाही की तिथं थांबायचं. स्लीपरखालची गिट्टी बीटरने ठोकायची. रूळ सब्बलीने चार जणांनी मिळून ढकलायचा, एका आवाजात. मग पुन्हा दांडी. गाडी इतकी हळू का चालायची, याचं निम्मं उत्तर या मातीत आहे. तिच्यावर कुठलीही गोष्ट जागची जागी ठेवायला माणसं लागतात, रोज, बारा महिने. माणसं कमी झाली की रूळ वाकतो. रूळ वाकला की गाडीचा वेग उतरतो. शेवटी कुठलं आधी झालं, हे विचारण्यात अर्थ राहत नाही.

कोळशाचं इंजिन त्यांना चांगलं आठवतं. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं. ते इथं सत्तर वर्षं चाललं. १५ एप्रिल १९९४ला ते काढलं आणि डिझेलचं आलं. ज्या गिरण्यांना कापूस हवा होता त्यांच्याच गावी बांधलेलं इंजिन इथल्या कापसाच्या गाठी ओढत होतं. म्हाताऱ्यांना मँचेस्टर माहीत नाही. त्यांना पाणी भरायचा नळ माहीत आहे.

"इंजिनाले पानी भराले थांबे, तवा आमी त्याच गरम पान्यानं हात धुवो."

मोसमात इथं बंड्यांची रांग लागायची, गावाच्या वेशीपर्यंत, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. बैल सोडून माणसं रात्रभर ओट्यावर झोपत. कापूस चढवायला हमाल इथलेच. आणि मूर्तिजापूरला पुन्हा सगळं उतरवायचं, कारण लहान गाडीचे डबे मोठ्या रुळांवर जात नाहीत. प्रत्येक बोरा, प्रत्येक गाठ खांद्यावरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत. रूळ अरुंद घालून कंपनीने जे वाचवलं ते मूर्तिजापूरच्या हमालांच्या पाठीवर आलं, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटलं. मग ट्रक आले. ट्रक वावराच्या धुऱ्यापर्यंत येतो आणि थेट जिनिंगच्या फाटकात उभा राहतो. कापूस रस्त्याला लागला. गाडीत माणसं तेवढी राहिली, आणि तीही गरीब.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारने घेतल्या. ही लाइन राहिली कंपनीच्याच नावावर. गाडी सरकारी, माणसं सरकारी, उत्पन्नातला वाटा करारानुसार कंपनीला. म्हातारे हे एका वाक्यात सांगतात : "गाडी त आपलीच होती, पन रूळ साहेबाचे."

काकू मधे उभ्याच आहेत, डबा हातात. "चला बावाजी, थंडी वाजन." म्हातारे उठतात. बॅट घेतलेला पोरगा बाजूला सरकून त्यांना वाट देतो.

७:१०

किराणा दुकान. पाव किलो सोयाबीन तेल ३६ रुपये. चहाची पुडी १०. साखर अर्धा किलो २२. बोटाला लावायच्या दोन पट्ट्या ४. ७२ रुपये. उधारीच्या वहीत लिहिले जातात, तेही बाजाराच्या दिवशी फिटायचे.

उद्या-परवा सासऱ्यांना डोळे दाखवायला अंजनगावला न्यायचं आहे. एसटीत काकूंना अर्धं तिकीट, मार्च २०२३पासून बायकांना आहे. सासऱ्यांना फुकट, कारण पंचाहत्तरच्या वर. पण एसटी गावात येते सकाळी एकदा, दुपारी एकदा. दुपारची चुकली तर परतताना खासगी गाडी, माणशी चाळीस. आणि त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच. त्यांनी हे सगळं दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या मांडलं आणि ठरवलं की वेचा संपल्यावर जायचं. म्हणजे अजून आठ-दहा दिवस. सासरे म्हणाले चालेल, मले दिसते.

मला ते रुळांवरून चालत घरी येताना दिसले होते. काठी आधी पुढे टेकत, मग पाऊल.

८:००

गॅसवर भात आणि वरण. ज्वारीच्या दोन भाकरी. म्हातारे जेवून झोपले. काकू हात गरम पाण्यात धरून बसल्यात, दहा मिनिटं. बोटांच्या कडा पांढऱ्या पडून सुजल्यात. गरम पाण्याने आधी चरचरतं, मग बरं वाटतं. त्यानंतर वॅसलिन, मग पट्टी.

८:४५

वही. अकरा नावं, पुढे सकाळचा आकडा, दुपारचा आकडा, बेरीज. काकू चौथी शिकलेल्या. बेरीज दोनदा करतात, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. आजींच्या नावापुढे २४ लिहून त्या थांबल्या. मग शेजारणीच्या आकड्याकडे बघून मान हलवली आणि पान उलटलं.

नवऱ्याचा दर्यापूरहून फोन. आज कापसाची गाडी उशिरा आली, रात्रपाळीत पण थांबावं लागेल, हमाली जास्त मिळेल. जेवलात का, जेवलो. संपलं.

९:१०

आता खरा फोन. वावरवाल्याचा.

काकू उभ्या राहून बोलतात, अंगणात.

"भाऊ, उद्या तुमच्या वरच्या अंगाले लागावं लागन. तिथं अळी हाये. अर्धी कवडी हाये. दहा परवडत नाही." थांबतात. पलीकडून काहीतरी लांबलचक. ओलाव्याचं, सीसीआयच्या रांगेचं, व्यापाऱ्याच्या भावाचं. काकू सगळं ऐकून घेतात. मधे बोलत नाहीत.

"तुमचं सगळं बरोबर हाये. पन बाया येतच नाही म्हन्ते. बारा करा."

पुन्हा पलीकडून. 'अकरा' मला इथपर्यंत ऐकू आलं.

"अकरा त अकरा. पन आपे तुमच्याकडं."

बराच वेळ काही नाही. काकू पट्टी लावलेल्या बोटाने फोनच्या कडेवर टकटक करतात.

"एका बाजूचं? बरं. जाताचं तुमचं, येताचं आमचं. अन् बोरे भराले तुमचा पोरगा पाठवा, आमी पाच वाजता काटा करून निंगू."

तो हो म्हणाला. काकूंनी फोन ठेवला आणि लगेच पहिल्या बाईला लावला. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येकीला तेवढंच : "अकरा झाले. येताचे पंधराच कापन." आठव्या बाईने विचारलं, कवडीचं काय. काकू म्हणाल्या, कवडी पन अकरानंच, मी बोलून घेतलं. बोलल्या नव्हत्या. नवव्या नंबरच्या आधी त्यांनी वावरवाल्याला पुन्हा फोन लावला.